जवळचं गवत कोवळं, लांबचं गवत जून: नागपूरजवळच्या एका गोठ्यातलं नेपियर कापणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हा गोठा कळमेश्वर तालुक्यातला, नागपूरपासून तासाभराच्या आतला. नाव-गाव टाकत नाही, मालकांना नुसतं भाऊ म्हणतो. सहा दुभत्या गाई, त्यात चार जर्सी क्रॉस आणि दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) क्रॉस, शिवाय दोन भाकड आणि तीन कालवडी. दूध गावातल्या संकलन केंद्रावर जातं, भाव फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) बघून लागतो. जमीन काळी, भारी. थोडा संत्र्याचा बगीचा, बाकी सोयाबीन आणि तूर, आणि गोठ्यापासून नाल्यापर्यंत लांबलचक पसरलेलं ५० गुंठे हायब्रीड नेपियर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हायब्रीड नेपियर म्हणजे बाजरी आणि आफ्रिकेतलं हत्ती गवत यांचा संकर. एकदा लावलं की तीन-चार वर्षं कापत राहायचं. कोइमतूरचं सीओ-४ आणि सीओ-५, राहुरीचं फुले जयवंत, बायफचं बीएनएच-१० असे वाण आपल्याकडे फिरतात. भाऊंचं बेणं पाहुण्यांकडून आलेलं, ते त्याला सीओ-४ म्हणतात, शेजारी सुपर नेपियर म्हणतो, मी त्या वादात पडलो नाही कारण इथं जे घडलं त्याला वाण जबाबदार नव्हता. शिफारस भाऊंना पाठ होती, पहिली कापणी लावणीनंतर अडीच महिन्यांनी आणि पुढं दर ४५ दिवसांनी. विचारलं की हेच सांगायचे, आणि मनापासून सांगायचे.

समस्या

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मला बोलावलं ते दूध कमी झालं म्हणून. सगळ्याच गाई थोड्या थोड्या उतरल्या होत्या, एसएनएफ पण घसरलेलं, आणि ते भरून काढायला सरकी ढेप गाईमागं तीन किलोवरून चार किलोवर नेलेली. तरी दूध जागचं हलेना. आता यात गंमत अशी की ऑगस्टमध्ये याच गोठ्यात नेमकी उलट तक्रार होती, दूध ठीक पण शेण पातळ आणि फॅट पडलेलं. तेव्हा जंताचं औषध देऊन झालं होतं. म्हणजे ऑगस्टचं दुखणं वेगळं आणि ऑक्टोबरचं वेगळं असं सगळे धरून चालले होते, दोन्हीच्या मागं एकच कारण असेल हे कोणाच्या डोक्यात नव्हतं.

धागा सापडला तो वहिनींच्या बोलण्यातून. गव्हाणी त्या झाडतात, त्यामुळं जनावरांनी काय सोडलं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. म्हणाल्या, "पावसाळ्यात गव्हाण चाटूनपुसून साफ राहे, आता रोज सकाळी टोपलंभर धाट काढून राहिली मी."

मग वावरात गेलो. गोठ्याच्या आणि विहिरीच्या बाजूचं साधारण २० गुंठे गवत गुडघ्याच्या थोडं वर, हिरवंगार, लुसलुशीत, आणि त्याचीच कापणी चाललेली. नाल्याकडचं ३० गुंठे मात्र हात वर केला तरी शेंडा हाती लागू नये एवढं, खालची पानं पिवळी पडून वाळलेली, धाट अंगठ्याएवढं जाड. जुलैनंतर तिकडं विळा लागलाच नव्हता, आता कुठं दसऱ्याच्या तोंडावर तिकडून भारे यायला लागले होते.

का, तर चिखल. काळ्या मातीत जून-जुलैनंतर बंडी (बैलगाडी) आत जात नाही, लांबून आणायचं म्हणजे डोक्यावर भारा घेऊन घोटाभर चिखलातून. "तिकडं कोण जाईल भाऊ," हे त्यांनीच हसत सांगितलं. साहजिक आहे, मी पण गेलो नसतो. त्यामुळं पावसाळाभर जवळचाच तुकडा २५-२८ दिवसांत परत परत कापला गेला आणि लांबचा ९०-१०० दिवसांचा झाला. सरासरी काढली तर काही फार बिघडलेलं दिसत नाही. पण गाय सरासरी खात नाही ना, ऑगस्टमध्ये तिनं नुसतं कोवळं खाल्लं आणि ऑक्टोबरमध्ये नुसतं जून.

गवतात नेमकं काय बदलतं

नाल्याकडचं एक धाट विळ्यानं उभं चिरलं. वरचा तीन-एक फुटाचा भाग ओला, गोडसर वास. खालच्या पेरांत आत पांढरा, कापसासारखा कोरडा गाभा आणि गाठीशी विळा अडकला. मग दोन्ही बाजूंचं एक-एक किलो गवत घेऊन वहिनींच्या किचनमधल्या काट्यावर पान वेगळं, धाट वेगळं असं मोजलं. जवळच्यात पान ७०० ग्रॅमच्या वर, लांबच्यात ३०० सुद्धा नाही. हा प्रयोग कोणालाही दहा मिनिटांत करता येतो आणि माझ्या मते लॅब रिपोर्टच्या आधी हाच करावा, कारण नेपियरमधलं प्रोटीन मुख्यतः पानात असतं, धाट वाढलं की टक्का आपोआप खाली येतो.

आकड्यांत सांगायचं तर कोरड्या वजनावर प्रोटीन महिनाभराच्या गवतात १२-१३ टक्के, ४५ दिवसांना साधारण ९-१०, दोन महिन्यांना ७-८ आणि तीन महिन्यांना ५-६ पर्यंत उतरतं. जमीन, खत, पाणी यानुसार थोडं इकडं तिकडं होणार, पण उतार असाच. आणि चाऱ्यातलं प्रोटीन ७ टक्क्यांच्या खाली गेलं की पोटात चारा पचवणाऱ्या जंतूंनाच नायट्रोजन पुरत नाही, मग तंतू पचवायचं कामच मंदावतं. दुसरीकडं धाटात लिग्निन, म्हणजे धाट लाकडासारखं कडक करणारा घटक, भरत जातं, ते पचत तर नाहीच, पण शेजारचा पचण्याजोगा तंतूसुद्धा अडकवून ठेवतं. जड चारा पोटात जास्त वेळ पडून राहतो, पोट भरलेलं वाटतं आणि गाय कमी खाते. म्हणजे घासातलं सत्त्वही कमी आणि घासही कमी, असा दुहेरी फटका.

भाऊंच्या पोराचं म्हणणं होतं की कुट्टी बारीक केली की सगळं खातात, प्रश्न काय? खातात हे खरं, उरलेलं धाट कमी होतं हेही खरं. पण कडबाकुट्टी मशीन लिग्निन कापत नाही, फक्त गाईला निवडायची सोय ठेवत नाही.

कोवळ्याचीही बाजू आहे. २५ दिवसांच्या नेपियरमध्ये कोरडा भाग १२-१३ टक्के, म्हणजे २५ किलोच्या भाऱ्यात जवळजवळ २२ किलो पाणी. तंतू कमी म्हणून रवंथ कमी, फॅट पडतं, शेण पातळ होतं. शिवाय कोवळ्या नेपियरमध्ये ऑक्झलेट नावाचा क्षार जास्त असतो, त्यात भाऊ प्रत्येक कापणीनंतर युरिया टाकत होते त्यानं तो आणखी वाढतो, आणि ऑक्झलेट पोटात कॅल्शियम धरून बसतं. दुभत्या गाईला हे परवडत नाही. आणि गवताचं स्वतःचं नुकसान वेगळंच. कापल्यावर पहिले दोन-तीन आठवडे ते मुळांतल्या आणि खोडक्यातल्या साठ्यावर फुटतं, नंतर पानं तो साठा परत भरतात. भरायच्या आत पुन्हा कापलं की ठोंब बारीक होत जातो. जवळच्या तुकड्यात तेच दिसत होतं, ठोंब विरळ आणि मधल्या मोकळ्या जागेत गाजरगवत.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय भाऊंचा स्वतःचा. आहे ते चालू द्यायचं, ढेप आणखी वाढवायची. याचा हिशेब मांडला. ४५ दिवसांचं २५ किलो गवत म्हणजे ४ किलो कोरडा चारा, १० टक्क्यांनी ४०० ग्रॅम प्रोटीन. जून गवत गाय २० किलो खाते असं धरलं तर ५ किलो कोरडा चारा, पण साडेपाच टक्क्यांनी २७५ ग्रॅमच. १२५ ग्रॅमचा खड्डा. सरकी ढेपेत २२ टक्के प्रोटीन धरलं तर गाईमागं रोज अर्धा-पाऊण किलो ढेप निव्वळ हा खड्डा भरायला जाते, सहा गाईंची महिन्याला १०० किलोच्या वर. आणि जून गवतातलं प्रोटीन पचतंही कमी, म्हणजे खरा खड्डा याहून मोठा. बांधावर फुकट उभं असलेलं पोषण वाळू द्यायचं आणि तेच पोत्यातून विकत आणायचं, हे आकडे बघून भाऊ बराच वेळ गप्प होते.

दुसरा पर्याय पोराचा, व्हिडिओ बघून आलेला. सगळं ३० दिवसांतच कापायचं, प्रोटीन जास्त मिळतं. वर सांगितलेली कारणं आणि ऑगस्टचा अनुभव समोर असल्यामुळं हा लगेच बाद झाला. इथं एक बोलायचंच आहे. नेपियरच्या जाहिरातींत प्रोटीनचा आकडा कोवळ्या गवताचा असतो आणि टनेजचा आकडा पोसलेल्या गवताचा. दोन्ही एकाच कापणीत मिळत नाहीत. तुम्ही कोणता विकत घेताय ते विचारा.

तिसरा, सगळं शेत एकदम कापून बरोबरीला आणायचं आणि जास्तीच्या गवताचा मुरघास (हवाबंद मुरवून साठवलेला हिरवा चारा) करायचा. ऐकायला छान. पण जून धाटाचा मुरघास धाटासारखाच निघतो, मुरवल्यानं सत्त्व येत नाही, फार तर होतं ते टिकतं. आणि ५० गुंठे एकदम कापलं की सगळं पुन्हा एकदमच तयार होणार, म्हणजे मूळ दुखणं तसंच.

चौथा, पट्टे पाडून फिरती कापणी. रोजची गरज २२० किलोच्या आसपास. ४५ दिवसांना गुंठ्याला २०० किलो हिरवं धरलं तर ५० गुंठ्यांचे १५ पट्टे, एक पट्टा तीन दिवस, १५ पट्टे संपेपर्यंत ४५ दिवस. गणित इतकं नेमकं बसलं की मलाच शंका आली, पण दोनदा करून पाह्यलं, बसतं.

भाऊंचा आक्षेप टनेजवर होता आणि तो खोटा नव्हता. "७५ दिवस ठेवलं तर माल किती जास्त निघते," ते म्हणाले. निघतोच. गुंठ्याला ४५ दिवसांना २०० किलो आणि ७५ दिवसांना ३५० धरू. कोरडा चारा ३२ किलो विरुद्ध ७७ किलो. पण प्रोटीन ३.२ किलो विरुद्ध ४.६, आणि जमीन किती दिवस अडकली यानं भागलं तर रोजचं ७१ ग्रॅम विरुद्ध ६१ ग्रॅम. म्हणजे पोट भरायचं असेल तर ७५ दिवस, दूध काढायचं असेल तर ४५. भाकड जनावरांचा गोठा असता तर मी स्वतः दोन महिन्यांच्या पुढंच कापा म्हटलं असतं.

काय केलं

चौथा पर्याय घेतला, पण आधी नाल्याकडच्या ३० गुंठ्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. रोजच्या गरजेपुरतंच तिथून कापत आलो असतो तर शेवटचं धाट साडेचार महिन्यांचं होऊन बांबू झालं असतं. म्हणून ते महिन्याभरात रिकामं करायचं ठरलं. शेंड्याकडचा पानाळ भाग दुभत्यांना, मधला भाग कुट्टी करून भाकड आणि कालवडींना. खालची जाड पेरं कोणालाच नको होती, तेव्हा लक्षात आलं की बेण्यासाठी तीन महिन्यांचं पोसलेलं धाटच लागतं. चारा म्हणून सगळ्यात टाकाऊ झालेला भाग बेणं म्हणून अगदी योग्य वयाचा होता. विहिरीचं पाणी असलेल्या दोन शेजाऱ्यांनी तो नेला, एकानं पैसे दिले, एकानं त्याच्या बदल्यात दोन दिवस कापणीला माणसं दिली.

जवळच्या तुकड्याला तोपर्यंत पूर्ण विश्रांती. हा निर्णय वाटतो तेवढा सोपा गेला नाही, गोठ्यातून बाहेर पडलं की समोर हिरवं गवत आणि आपण चाललोय नाल्याकडं. मधे एकदा पाहुणे आले आणि घाईत जवळचंच कापलं गेलं. पण पट्ट्यांच्या टोकाला बांबूच्या खुंट्या ठोकून त्यावर नंबर टाकले होते आणि तारखा गोठ्यातल्या कॅलेंडरवर वहिनी लिहायच्या, त्यामुळं चुकलेला पट्टा लगेच दिसला आणि त्याला पुढं ढकललं.

कापताना खोडका जमिनीपासून चार ते सहा बोटं ठेवायचा, जमिनीलगत खरडायचं नाही. युरिया कापल्याबरोबर पाणी देताना, तोही थोडा कमी करून शेणाची स्लरी वाढवली. खनिज मिश्रण गाईमागं रोज ५० ग्रॅम, ते आधी "असलं तर" द्यायचे, आता ठरवून.

थंडीतला पेच

जानेवारीत खुंटीवर ४५ दिवस भरले आणि गवत कंबरेला सुद्धा लागेना. नागपूरची थंडी, रात्री पारा दहाच्या आसपास, नेपियर उष्ण प्रदेशातलं, ते गारठून बसतं. पोरगा म्हणे दिवस भरले, कापा. भाऊ म्हणे थांबा. इथं भाऊंचं बरोबर होतं, आणि मला वाटतं संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, कारण यानंतर आम्ही दिवस मोजायचं सोडून धाट बघायला लागलो. उंची कंबर ते छाती, बुडाशी दोन-तीन पेरं दिसायला लागलेली, आणि खालची पानं अजून हिरवी, हे तीन जुळले की कापायचं. खालचं पान वाळायला लागलं म्हणजे उशीर झाला.

थंडीत ते ६०-६५ दिवसांना जुळलं. पण हे ६० दिवस पावसाळ्यातल्या ६० दिवसांसारखे नसतात. गारव्यात धाट हळू वाढतं आणि लिग्निनही हळू भरतं. उलट एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात गेला की पाणी दिलेलं गवतसुद्धा लवकर कडक होतं, उंची कमी दिसते म्हणून थांबलं तर फसगत होते.

या वाढीव दिवसांत हिरवा चारा तुटला. नुकतंच निघालेलं तुरीचं कुटार (मळणीनंतरचा भुसा), सोयाबीनचं कुटार आणि थोडा विकतचा कडबा यावर तीनेक आठवडे काढले.

परिणाम

गव्हाणीतलं उरलेलं धाट डिसेंबरपर्यंत जवळपास बंद झालं, हे सगळ्यात आधी दिसलं. ढेप गाईमागं चारवरून पुन्हा तीन किलोवर आली आणि दूध त्यामुळं उतरलं नाही. एकूण दूध वाढलं, पण त्याचं श्रेय सगळं गवताला देता येत नाही कारण डिसेंबरात दोन गाई व्यायल्या. त्यातल्या त्यात प्रामाणिक तुलना एका एचएफ क्रॉस गाईची, ती वेताच्या मध्यावर होती, तिची ऑक्टोबरमधली घसरण थांबली आणि एसएनएफ वर आलं. जवळच्या तुकड्यातले ठोंब उन्हाळ्यापर्यंत भरले, गाजरगवत मात्र हातानं उपटावं लागलं.

तोट्याच्या बाजूला मजुरी. रोज ठरलेल्या पट्ट्यावर जायचं म्हणजे निम्मे दिवस तरी लांब जायचं. आणि गवताचा ढीग आधीपेक्षा लहान दिसतो याची भाऊंना अजूनही रुखरुख आहे, आकडे पटलेत पण डोळ्याला पटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

थंडीचा खड्डा येणार हे ऑक्टोबरमध्येच माहीत होतं. तेव्हाच पाच-सात गुंठ्यांवर बरसीम, हे थंडीतलं चारापीक, टाकलं असतं तर पहिली कापणी डिसेंबरात मिळाली असती आणि प्रोटीनही नेपियरपेक्षा बरंच जास्त. भाऊंनी पाण्याचं कारण सांगितलं, बगीच्याला पाणी लागतं म्हणून. त्यात तथ्य होतं, पण पाच गुंठ्यांना लागून किती लागलं असतं.

वाट आधी करायला हवी होती. शेताच्या मधून गोठ्यापासून नाल्यापर्यंत मुरुमाची दहा फुटी वाट टाकली तर तीन-चार गुंठे गवत जातं आणि पावसाळ्यात बंडी चालते. ही मेमध्ये टाकली, ऑक्टोबरमध्ये पैसे ढेपेत अडकले होते. मला विचाराल तर पट्टे, खुंट्या, कॅलेंडर हे सगळं त्या वाटेच्या नंतर येतं, कारण चिखलात कोणताही शहाणपणा बांधापाशीच थांबतो.

पुढच्या पावसाळ्याचा प्रश्न उलटा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पट्टा ३५ दिवसांतच तयार होतो आणि १५ पट्ट्यांची फेरी मागं पडते, म्हणजे शेवटचे पट्टे पुन्हा जून. तेव्हा दोन-तीन पट्ट्यांचं गवत वेळेवर कापून मुरघासाच्या बॅगांत भरायचं ठरलंय. अडचण एवढीच की त्या वयाच्या गवतात पाणी ८० टक्क्यांच्या वर असतं आणि पावसात ते सुकवायला ऊन मिळत नाही, तसंच भरलं तर सडतं. म्हणून कुट्टीत कोरडं कुटार आणि थोडा मक्याचा भरडा मिसळून ओल कमी करायची, वर गुळाचं पाणी शिंपडायचं, असं बोलणं झालंय. भाऊंनी सोयाबीनचं कुटार त्यासाठी विकायचं थांबवलंय, पोरानं दोन बॅगा आणून ठेवल्यात.